इटालियन रेस्टॉरंटला सहा जणांचं टेबल, जैनपासून नॉनव्हेजपर्यंत: काय मागवावं, काय विचारावं?

गारखेडा_चौक

छत्रपती संभाजीनगरात जालना रोड आणि बीड बायपासच्या पट्ट्यात आता साखळी पिझ्झा दुकानांच्या पुढची, कापडी नॅपकिन आणि लाकडाची भट्टी असलेली इटालियन हॉटेलं व्हायलीत. शनिवारी संध्याकाळचं सहा जणांचं टेबल ठरवायचंय. दोघं ज्येष्ठ, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यात दातांची कवळी. एक जैन. दोघं सगळं खाणारे. एक मूल, आठ वर्षांचं.

कुठल्या हॉटेलात जावं हे विचारत नाही. मेनूत काय लपलेलं असतं, किती मागवावं, बिलात काय बघावं, हे जाणकारांनी सांगावं. 'मस्त होतं', 'बकवास होतं' नको, नेमकं सांगा.

पास_काउंटर

पहिलं काम फोनवरच करा. जैन जेवण टेबलावर बसल्यावर सांगू नका, बुकिंगच्या वेळी सांगा आणि त्या दिवशी दुपारी चारच्या आत पुन्हा आठवण द्या. कारण असं की टोमॅटो सॉस, रागू (खिम्याचा सॉस), सूपचा स्टॉक (उकळून काढलेला अर्क) हे सगळं सकाळीच मोठ्या पातेल्यात होऊन जातं. कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून तेलात मंद परततात, त्याला सोफ्रित्तो म्हणतात. बऱ्याच सॉसचा पाया तोच. रात्री नऊला 'कांदा-गाजर काढून द्या' म्हटलं तर काढणार कुठून? वेटर मान हलवतो, आत शेफ डोक्याला हात लावतो आणि शेवटी पांढऱ्या सॉसचा पास्ता येतो.

जैन माणसाला काय होऊ शकतं: ताज्या चेरी टोमॅटोचा सॉस वेगळ्या पॅनमध्ये, फक्त तेल, मीठ, बेझिल. सहा-सात मिनिटांत होतो. बटर आणि सेजच्या पानांचा पास्ता. मैदा-लोणी-दुधाचा बेशामेल सॉस, त्यात जायफळ असतं, कांदा-लसूण लागत नाही. पिझ्झावर तयार सॉसऐवजी कुस्करलेला टोमॅटो.

काय होऊ शकत नाही: न्योक्की, म्हणजे उकडलेले छोटे गोळे, कारण तो बटाट्याचाच असतो. मिनेस्त्रोने सूप, त्यात कांदा, गाजर, बहुतेकदा बटाटाही. पेस्तो, म्हणजे बेझिलची चटणी, लसूण वाटणातच गेलेला असतो. आल्यो ए ओल्यो तर लसूण आणि तेलाचाच पदार्थ, तो जैन करून मागणाऱ्याला आत काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. रिसोत्तो, म्हणजे इटालियन मऊ भात, दिसायला निर्दोष, पण तो भाज्यांच्या स्टॉकवर शिजतो आणि स्टॉकमध्ये कांदा-गाजर असतंच. फोकाच्चा ब्रेडच्या पिठात काही ठिकाणी उकडलेला बटाटा घालतात, मऊपणासाठी. विचारून घ्या. मश्रूम आणि यीस्ट चालतं की नाही हे घरातच विचारून निघा, कारण पिझ्झाच्या पिठात यीस्ट असणारच.

पास्ता उकळायचं पाणी सगळ्या टेबलांचं एकच असतं. ते चालत नसेल तर वेगळं पातेलं लावायला सांगा. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, एवढंच ते काम. पण शनिवारी रात्री ऐनवेळी कुणी करून देणार नाही.

टेबल सव्वासातचं घ्या. साडेआठ ते साडेनऊ भट्टीवर रांग लागते. त्या तासात पिझ्झा कच्चा नाहीतर करपलेला यायची शक्यता जास्त. आत नवा पोरगा असतो असं काही नाही. दार सारखं उघडून, एकामागे एक पिझ्झे घालून भट्टीचा तळ गार पडतो. वरून चीज वितळतं, खालून पीठ पांढरं राहतं. आल्यावर एक तुकडा उचलून तळ बघा. तळाला तपकिरी ठिपके हवेत. पांढराफटक आणि वाकणारा असेल तर लगेच परत द्या, अर्धा खाऊन नाही.

लातूर_शाकाहारी

मेनूवर हिरवा ठिपका असला तरी ज्येष्ठांसाठी काही गोष्टी विचारूनच घ्या.

चीज. अस्सल पार्मेजानो रेज्जानो हे शाकाहारी नाही. त्याच्या नियमावलीतच वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवायचं विरजण) सांगितलंय, आणि किमान १२ महिने मुरवायचं. ग्राना पादानोही वासराच्याच रेनेटचं. पेकोरिनो रोमानो मेंढीच्या दुधाचं आणि कोकराच्या रेनेटचं. आपल्याकडे तयार होणारं चीज बहुतेक मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या, रेनेटचं असतं, पाकिटावर हिरवा ठिपका असतो. म्हणजे गंमत बघा, हॉटेल जेवढं 'अस्सल' तेवढी ही अडचण मोठी. 'शाकाहारी चीज आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'वर किसून घालता ते कुठल्या कंपनीचं, पाकीट दाखवता का' असं विचारा.

पास्ता. सुका पास्ता रवा आणि पाण्याचा, अंडं नाही. मेनूत 'ताजा', 'हाताने केलेला' लिहिलंय तो बहुधा अंड्याचा. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं हे तिकडचं ठरलेलं माप. ताल्यातेल्ले, रॅव्हिओली, लझान्याच्या पट्ट्या यात हमखास. पेन्ने, स्पॅगेटी, रिगातोनी सुके असतील तर निर्धास्त घ्या.

मासा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही हा खारवलेला छोटा मासा असतो. पुत्तानेस्का सॉसमध्ये ऑलिव्ह आणि केपर दिसतात, अँचोव्ही विरघळलेला असतो म्हणून दिसत नाही. उलट मारिनारा पिझ्झा हे नाव ऐकून लोक दचकतात, त्यात मासा नाही आणि चीजही नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस्स.

गोड. पन्ना कोत्ता, म्हणजे थंड क्रीमचं पुडिंग, जिलेटिनवर बसवतात, ते जनावराचं. काही ठिकाणी अगर-अगर वापरतात. चमच्याने ओळखता येतं: जिलेटिनचा पन्ना कोत्ता थरथरतो आणि तोंडात विरघळतो. अगरचा स्वच्छ कापला जातो, पण तोंडात विरघळत नाही, कारण अगर वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. अर्थात चाखून ओळखायची वेळ येऊ नये, आधीच विचारा.

गारखेडा_चौक

हे भारीच. तिरामिसू 'एगलेस' लिहिलंय मेनूत. ते चालेल ना?

लातूर_शाकाहारी

अर्धंच चालेल! मास्कारपोने या मऊ चीजचं क्रीम बिनअंड्याचं करतात. पण आत कॉफीत बुडवलेली सावोयार्दी बिस्किटं असतात ती अंडं फेटूनच होतात. बिस्किटांऐवजी बिनअंड्याचा स्पंज घातलाय का, हा दुसरा प्रश्न. तिसरा प्रश्न दारूचा: मार्साला (एक वाइन) किंवा रम घालतात. जेलातोत, म्हणजे तिकडच्या आइस्क्रीममध्येही, अंड्याचा बलक असू शकतो. सगळ्यांना बहुधा चालेल असं म्हणजे सोर्बेत्तो, फळ-साखर-पाणी. लिंबाचा मिळाला तर तोच घ्या, चीज खाऊन झाल्यावर बरा वाटतो.

पास_काउंटर

दारूवरून आठवलं. रिसोत्तोत तांदूळ परतल्यावर पांढरी वाइन ओततात, आणि 'उडून जाते' हे पूर्ण खरं नाही, थोडा अंश राहतोच. 'आल्ला वोद्का' नावाच्या गुलाबी सॉसमध्ये खरोखर व्होडका असते. आपल्याकडचा नेहमीचा पिंक सॉस म्हणजे टोमॅटो आणि क्रीम, त्यात नसते. नको असेल तर ऑर्डर देताना सांगा. वाइनच्या जागी थोडा लिंबाचा रस घालून काम भागतं.

शहागंज_कट्टा

नॉनव्हेजवाल्या दोघांनी हलाल किंवा डुक्कर नको असं म्हटलं तर? मेनूत 'पोर्क' शब्द कुठेच दिसत नाही कधी कधी.

पास_काउंटर

नावं पाठ करून ठेवा: प्रोश्युत्तो, स्पेक, पान्चेत्ता, ग्वान्चाले, मोर्तादेल्ला, एनदुया. सगळी डुकराची. ब्रेझाओला गोमांसाची. रागू बोलोन्येझे मुळात गोमांस आणि पान्चेत्ताचा, आपल्याकडे मटण किंवा चिकन खिमा वापरतात. कुठला ते विचारा. पेपरोनी आपल्याकडे चिकनचीही मिळते.

हलाल मांस कुठून येतं हे मॅनेजरला विचारा, वेटरला नको. आणि पिझ्झा कापायचं चाक, भट्टीत सरकवायचं फावडं हे सगळ्या पिझ्झ्यांना एकच असतं. निदान चाक टाळायचं असेल तर पिझ्झा न कापता मागवा आणि टेबलावर सुरी घ्या. शाकाहारी लोकांनाही हीच युक्ती.

उस्मानपुरा_बेकर

कवळीवाल्या ज्येष्ठांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ४३० ते ४८० अंशांवर ६० ते ९० सेकंदांत निघतो. पिठाचा गोळा २०० ते २८० ग्रॅमचा, पिझ्झा ३५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नाही, कड फुगलेली, त्यावर काळे ठिपके. हे ठिपके म्हणजे करपणं नव्हे, पण त्याची कड चिवट असते आणि कवळीला अजिबात झेपत नाही. मधला भाग मऊ, ओलसर असतो. सुरी-काट्याने मधलाच खायला द्यायचा, कड मुलाला.

रोमन पद्धतीचा पातळ, कुरकुरीत पिझ्झा दाताखाली तुटतो, पण त्याचे कडक तुकडे हिरड्यांना टोचतात. ब्रुस्केत्ता तर नकोच, भाजलेला ब्रेड आणि वरून लसूण चोळलेला.

ज्येष्ठांना बरं पडेल असं: न्योक्की, लझान्या (दोन्हीत अंडं विचारून), रिसोत्तो. आणि पास्ता असेल तर 'अजून दोन मिनिटं शिजवा' सरळ सांगा. अल देन्ते म्हणजे मध्ये दाताला लागेल असा. काही लोक म्हणतील तसं सांगणं अडाणीपणा. काही नाही हो, जेवणारा माणूस महत्त्वाचा. सुका पास्ता दोन मिनिटं जास्त शिजल्याने काही बिघडत नाही. ताज्या पास्त्याला मात्र हे सांगू नका, तो दोन-तीन मिनिटांतच होतो, आणखी दोन मिनिटांत त्याचा गोळा.

कॅनॉट_खवय्या

रिसोत्तो सांगताना एक सांगायचं राहिलं. तो आसट खिचडीसारखा सैल यायला हवा. थाळी तिरकी केली की हळू सरकला पाहिजे. घट्ट ढीग करून, वाटीने उपडा घातलेला आला तर तो बाजूला राहून गेलेला आहे.

का, ते असं. आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदूळ न धुता लोण्यात परततात, मग गरम स्टॉक पळीपळीने घालत १६ ते १८ मिनिटं हलवतात. हलवण्यामुळे दाण्यावरचा स्टार्च सुटतो, दाट साय धरल्यासारखं होतं, तरी दाण्यात कणी राहते. गॅस बंद केल्यावर थंड लोणी आणि चीज घालून जोरात हलवतात, याला मान्तेकातुरा म्हणतात. हे शेवटचं काम आचेवर केलं तर लोणी फुटून तेल वर येतं. थाळीच्या कडेला तेलाची कड दिसली तर ओळखा, घाई झाली.

भरलेल्या हॉटेलात बरेच शेफ तांदूळ आधी पाऊण शिजवून, ट्रेमध्ये पसरून गार करून ठेवतात आणि ऑर्डर आली की शेवटची पाच-सहा मिनिटं करतात. यात फसवणूक काही नाही, नीट केलं तर कळतही नाही. वेटरने 'वीस मिनिटं लागतील' म्हटलं तर चिडू नका, उलट थांबा. आल्या आल्या खायचा. पाच मिनिटं फोटो काढत बसलात तर बसतो.

जालन्याहून

तिखटाचं काय? आमच्याकडच्या मंडळींना हे सगळं अळणी लागणार. ठेचा नेला सोबत तर?

कॅनॉट_खवय्या

ठेचा नेऊ नका राव. टोमॅटोच्या सॉसमध्ये तिखट हवं असेल तर अराब्बियाता मागवा, तो मुळातच सुक्या लाल मिरचीचा. 'जरा जास्त तिखट' सांगितलं तर मिरची तेलात आधी परतून घालतात. वरून चिली फ्लेक्स भुरभुरण्यापेक्षा हे लई बरं, कारण तिखटपणा तेलात उतरतो, फ्लेक्स नुसते जिभेला टोचतात. मिरचीचं तेल बहुतेक ठिकाणी मागितलं की मिळतं.

पण कार्बोनारा, काचो ए पेपे, बटर-सेज यात तिखट मागू नका. त्यांची चव चीज आणि मिरीवर उभी आहे. मिरी मागा हवी तेवढी, समोर दळून देतात.

उस्मानपुरा_बेकर

असहमत. लोकांनी पैसे दिलेत, हवं ते मागू द्या. चिली फ्लेक्स मागितल्याने शेफ काही घर सोडून जात नाही.

कॅनॉट_खवय्या

मागू द्या की. मी फक्त पैसे कुठे वाया जातात ते सांगतोय. मुरलेल्या चीजचा पास्ता घेऊन त्यावर ओरेगानो-मिरची ओतायची असेल तर त्यापेक्षा निम्म्या दरात साधा टोमॅटो पास्ता घ्या.

सिडको_एन५

कार्बोनारात क्रीम असतं की नसतं? मेनूत 'क्रीमी कार्बोनारा' लिहितात.

पास_काउंटर

रोमच्या पद्धतीत नाही. माणशी १०० ग्रॅम स्पॅगेटी, ३०-४० ग्रॅम ग्वान्चाले, एक बलक आणि थोडं अख्खं अंडं, २५-३० ग्रॅम पेकोरिनो, भरपूर मिरी. मऊपणा अंडं, चीज आणि पास्त्याच्या पिठाळ पाण्याचा.

अवघड असतं ते पॅनचं तापमान. ग्वान्चालेची चरबी सुटल्यावर पॅन आचेवरून उतरवायचा, पास्ता आणि पळीभर पाणी घालायचं, पॅन जरा निवाला की मग अंड्याचं मिश्रण ओतून सारखं हलवायचं. ७० अंशांच्या आसपास बलक घट्ट होतो. त्याच्यावर गेलं की अंडा भुर्जी. खाली राहिलं की पाणचट. गर्दीच्या रात्री हे साधणं कठीण, म्हणून क्रीम घालतात: क्रीम फुटत नाही, पोरगा नवा असला तरी जमतं. म्हणजे क्रीम दिसलं तर हॉटेल वाईट असं नाही, पण ते 'अस्सल'च्या दरात विकत असतील तर बोला.

यात अंडं पूर्ण शिजत नाही, एवढं लक्षात घ्या. गरोदर बाई, लहान मूल, आजारी माणूस यांना देऊ नका.

आणि अल्फ्रेडो पास्ता मुळात रोमचाच, पण लोणी आणि पार्मेजानोचा. क्रीम-लसूण अमेरिकेत शिरलं. आपल्याकडे येतो तो अमेरिकेतला.

सातारा_परिसर

बुराटा घ्यावा का? फार महाग लावतात.

कॅनॉट_खवय्या

हा दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतातल्या आंद्रिया गावचा चीजचा प्रकार. बाहेरून मोझरेलाची पिशवी, आत मोझरेलाचे धागे आणि क्रीम. जास्त टिकत नाही, ताजाच खायचा. मागवण्याआधी दोन प्रश्न: इथे बनवता की येतो, आणि येतो तर कुठल्या तारखेचा. बाहेरगावाहून येणारा माल आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये वाटेत सतत थंड ठेवणं सोपं नाही, पारा चाळिशीच्या वर असतो. कापल्यावर आतलं क्रीम वाहिलं पाहिजे. आत कोरडा, रबरासारखा, किंवा आंबट-कडवट वास आला तर परत. फ्रीजमधून काढून थेट आणला तर चव लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढायला सांगा. सहा जणांत एक पुरे. ज्येष्ठांना कवळीचा त्रास नाही त्यात, हे आणखी एक. रेनेटचा प्रश्न इथेही विचारायचाच.

पास_काउंटर

आता सहा जणांची ऑर्डर. मेनूत क्रम असा असतो: आन्तिपास्ती म्हणजे सुरुवातीचं, प्रीमी म्हणजे पास्ता-रिसोत्तो-सूप, सेकोन्दी म्हणजे मांस-मासा, कोन्तोर्नी म्हणजे सोबतची भाजी, दोल्ची म्हणजे गोड. सगळं घ्यायची सक्ती नाही. सेकोन्दीला भाजी आणि ब्रेड बहुधा सोबत येत नाही, वेगळी मागवावी लागते. चिकनचा एक तुकडा एवढ्या पैशात एकटाच आला म्हणून लोक भांडतात ते त्यामुळे.

आपल्या टेबलाला मी असं म्हणेन: आधी एक बुराटा किंवा सॅलड आणि एक सूप, वाटून. मग दोन पिझ्झे, एक मार्गेरिता, एक नॉनव्हेज, न कापता. त्यानंतर एक जैन पास्ता, एक रिसोत्तो ज्येष्ठांसाठी, एक नॉनव्हेज पास्ता. मुलाला साध्या टोमॅटोचा पेन्ने, काही ठिकाणी अर्धी प्लेट करून देतात. गोड दोन. सुक्या पास्त्याची एक प्लेट ८० ते १०० ग्रॅमची असते. आपल्या ताटाच्या मानाने कमी वाटते, पण चीज-लोण्यामुळे पोट भरतं. पहिल्या दमात सगळं सांगू नका. पिझ्झे संपत आले की पुढचं ठरवा.

वाटून खायचं असेल तर आखूड पास्ता घ्या, पेन्ने किंवा रिगातोनी. स्पॅगेटी सहा ताटांत वाढायला गेलं की सॉस एका ताटात आणि शेवया दुसऱ्या ताटात. रॅव्हिओली मागवताना नग विचारा. सहा-आठ नग येतात, सहा जणांत एकेक.

'कोर्सप्रमाणे आणा' हे वाक्य वेटरला आवर्जून सांगा. आपल्याकडे सगळं एकदम टेबलावर यायची सवय, तसं झालं तर निम्मं गार होतं. पिझ्झ्याचं चीज आठ-दहा मिनिटांत आवळून येतं. टेबल एसीच्या थेट झोताखाली असेल तर त्याहून लवकर. बुकिंगलाच 'एसीखाली नको' म्हणा. गच्चीवरची जागा मार्चनंतर आठ वाजेपर्यंत तापलेलीच असते, आत बसा.

हिशेबनीस

बिलाचं मी सांगतो.

स्वतंत्र रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. मोठ्या हॉटेलच्या आतलं रेस्टॉरंट असेल आणि त्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जात असेल तर १८ टक्के. म्हणजे ४,००० च्या जेवणाचे एका जागी ४,२०० होतात, दुसऱ्या जागी ४,७२०. मेनूतला दर सारखा दिसला तरी खिशातून जाणारे पैसे वेगळे. फोनवरच विचारा, 'टॅक्स किती'.

कंपोझिशन योजनेतलं (छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) हॉटेल गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही, त्याच्या बिलावर तसं लिहिलेलं असतं. भारी हॉटेलात हे क्वचित, पण बघून घ्या.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. लावला असेल तर 'काढा' म्हणा. मुद्दा नुसत्या दहा टक्क्यांचा नाही, त्यावर जीएसटीही चढतो: ४,००० वर ४०० सर्व्हिस, मग ४,४०० वर २२० जीएसटी, एकूण ४,६२०. काढल्यावर ४,२००. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सेवा आवडली तर टीप हातात द्या, ती वाढणाऱ्याला मिळते.

पाणी. बसल्या बसल्या 'स्टिल की स्पार्कलिंग' विचारतात. दोन्ही बाटलीचं आणि विकतचं. 'साधं पाणी' म्हणा. ब्रेडची टोपली फुकट की विकत, हेही आधीच विचारा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा कर असतो, म्हणून त्याची ओळ वेगळी यायला हवी. दारूच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर बिल दुरुस्त करून घ्या.

बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी क्रमांक असायला हवा. 'शेफ स्पेशल', 'आजची मासळी' असं तोंडी सांगितलेल्या पदार्थाचा दर तोंडीच विचारून घ्या. ट्रफल (जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी), लॉबस्टर असे शब्द ऐकले की तर नक्कीच.

शहागंज_कट्टा

ट्रफल ऑइलबद्दल एक ओळ: बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलात ट्रफलचा वास रसायनाचा असतो. त्याचे जास्तीचे दोनशे-तीनशे रुपये लावत असतील तर साध्या ऑलिव्ह तेलावर भागवा.

सातारा_परिसर

मुलाला सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर?

लातूर_शाकाहारी

पेस्तो बंद. मूळ पेस्तोत पाइन नट असतात, आपल्याकडे ते महाग म्हणून काजू, अक्रोड घालतात आणि मेनूत लिहितातच असं नाही. जेलातोत पिस्ता-हेझलनटचा चमचा फिरलेला असू शकतो, स्कूपचा चमचा धुऊन घ्यायला सांगा. मोर्तादेल्लातही पिस्ता असतो. बुकिंगच्या वेळी 'ॲलर्जी आहे' हाच शब्द वापरा. 'आवडत नाही' म्हटलं तर आत तेवढं मनावर घेत नाहीत.

जालन्याहून

उरलं तर पार्सल? इकडे पोचायला तास-सव्वा तास.

पास_काउंटर

लझान्या उत्तम टिकतो, दुसऱ्या दिवशी आणखी चांगला लागतो. पिझ्झा चालतो, पण खोक्याचं झाकण जरा उघडं ठेवा, नाहीतर वाफेने तळ ओला होतो. घरी मायक्रोवेव्ह नको, चिवट होतो. जाड तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाकून वर झाकण. खालून कुरकुरीत, वरून चीज वितळलेलं.

टोमॅटोचा पास्ता आणता येतो, गरम करताना दोन चमचे पाणी घाला. कार्बोनारा आणू नका, गरम केला की अंडं फुटतं. पेस्तो गरम केला की काळपट पडतो. रिसोत्तो रिसोत्तो म्हणून संपलेला असतो. गार झाल्यावर लिंबाएवढे गोळे करा, मध्ये चीजचा तुकडा, मैद्याच्या पातळ घोळात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा आणि तळा. सिसिलीत आरान्चिनी म्हणून विकतात तेच. भात शिळा ठेवायचा म्हणजे घरी पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही.

तिरामिसू उन्हाळ्यात जालन्यापर्यंत न्यायचा असेल तर बर्फाची पिशवी मागा. मिळाली नाही तर तिथेच खाऊन निघा.